वारा कुठे वाहतोय: ब्रिटनच्या पहिल्या अणुचाचण्यांची गोष्ट

३ ऑक्टोबर १९५२ च्या सकाळी ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, मॉन्टे बेलो बेटांजवळच्या उथळ पाण्यात एक रिकामं जहाज नांगरून ठेवलेलं होतं. नाव 'एचएमएस प्लिम'. ब्रिटिश नौदलाची ही फ्रिगेट. वारा मुख्य भूमीकडे नसावा म्हणून सगळे थांबले होते. माणसं उतरवून लांब नेली होती. आत पोटात, पाण्याच्या पातळीखाली पावणेतीन मीटरवर, एक बॉम्ब ठेवला होता.

साडेनऊच्या सुमारास तो फुटला. ताकद २५ किलोटन, म्हणजे २५,००० टन टीएनटी एकदम उडवल्याइतकी. जहाजाचं बहुतेक लोखंड वाफ होऊन गेलं. उरलेले लालबुंद तुकडे बेटावर पडले आणि तिथल्या सुक्या गवताने पेट घेतला. समुद्राच्या तळाला ६ मीटर खोल आणि ३०० मीटर रुंद खड्डा पडला. वर जो ढग उठला तो चित्रांत पाहतो तसा छत्रीच्या आकाराचा नव्हता. चिखल, पाणी आणि लोखंड यांचा तो एक वेडावाकडा, मळकट लोट होता.

या चाचणीचं नाव 'ऑपरेशन हरिकेन'. अमेरिका आणि सोव्हिएत रशियानंतर अणुबॉम्ब फोडणारा ब्रिटन हा जगातला तिसरा देश झाला. आपल्याला हिरोशिमा-नागासाकी माहीत असतं, पोखरण माहीत असतं. मधल्या काळात ब्रिटनने स्वतःच्या भूमीपासून हजारो मैल लांब, दुसऱ्यांच्या वाळवंटात आणि बेटांवर काय केलं, हे मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. त्यासाठी हा लेख.

बॉम्ब जहाजात का ठेवला? साधं उत्तर आहे: भीती. शत्रूने एखाद्या मालवाहू जहाजात लपवून बॉम्ब लंडन किंवा लिव्हरपूलच्या बंदरात आणला तर काय होईल, हे ब्रिटिशांना पाहायचं होतं. म्हणून स्वतःचंच जहाज बळी दिलं.

पण बॉम्ब मुळात हवाच कशाला होता? हे समजायला बारा वर्षं मागे जावं लागेल.

१९४० च्या मार्चमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात ऑटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोन शास्त्रज्ञांनी काही पानांचं एक टिपण लिहिलं. दोघेही हिटलरच्या छळामुळे ब्रिटनमध्ये आलेले. परदेशी असल्यामुळे रडारसारख्या अतिगुप्त कामात त्यांना घेता येत नव्हतं. युरेनियमवर विचार करायला मोकळीक होती, कारण त्यातून युद्धात काही हाती लागेल असं तेव्हा कोणाला वाटत नव्हतं. बॉम्बसाठी कित्येक टन युरेनियम लागेल अशी समजूत होती. या दोघांनी गणित मांडलं: युरेनियमचा २३५ हा प्रकार वेगळा काढला तर किलोभरात काम होईल. त्यांचा आकडा प्रत्यक्ष गरजेपेक्षा बराच कमी होता, पण टनांची गोष्ट किलोंवर आली आणि तिथेच सगळं बदललं.

सरकारने समिती नेमली. तिचं नाव मॉड. या नावामागे एक गंमत आहे. डेन्मार्कहून नील्स बोर यांनी पाठवलेल्या तारेत शेवटी 'मॉड रे केंट' असे शब्द होते. लोकांना वाटलं हा सांकेतिक मजकूर असणार, आणि तो उलगडायची खटपट झाली. प्रत्यक्षात मॉड रे या बोर यांच्या घरी पूर्वी मुलांना सांभाळणाऱ्या बाई होत्या आणि केंटमध्ये राहत होत्या. तोवर समितीला नाव पडून गेलं होतं.

१९४१ च्या उन्हाळ्यात मॉड समितीने सांगितलं की बॉम्ब शक्य आहे. तोवर अमेरिकेचं काम संथ चाललं होतं, या अहवालाने त्याला धक्का दिला. पुढे १९४३ मध्ये क्वेबेक करार झाला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेच्या प्रकल्पात सामील झाले. १९४४ मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी सहकार्य युद्धानंतरही चालू ठेवायचं असं आपसात लिहून ठेवलं. पण रूझवेल्ट १९४५ मध्ये वारले. तो कागद 'ट्यूब अलॉईज' या ब्रिटिश टोपणनावाने लिहिलेला होता. त्यावरून काहीच बोध न झाल्यामुळे अमेरिकेकडची प्रत भलत्याच कागदपत्रांत लागली आणि शोधूनही मिळेना. ऑगस्ट १९४६ मध्ये अमेरिकेने मॅकमहॉन कायदा केला. अणूची माहिती कोणत्याही परक्या देशाला द्यायची नाही, मित्रालाही नाही.

ज्यांच्या टिपणाने सुरुवात झाली त्यांच्याच तोंडावर दार लागलं. ब्रिटनच्या पुढच्या बारा वर्षांच्या धडपडीत रशियाची भीती होतीच. पण सगळी कागदपत्रं आणि निर्णयांचा क्रम पाहिला की माझं मत असं बनतं की हा बॉम्ब मॉस्कोइतकाच वॉशिंग्टनला दाखवण्यासाठी बनवला गेला. 'आम्हालाही येतं, आता दार उघडा' असं म्हणण्यासाठी.

तेव्हाचा ब्रिटन कसा होता? युद्धाच्या काळातही ज्यावर बंधन नव्हतं तो पाव जुलै १९४६ पासून रेशनवर आला होता. तिजोरी रिकामी. अर्थखातं सांभाळणारे मंत्री हा खर्च परवडणार नाही असं सांगत होते. तेव्हा परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन आडवे आले. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याने आपल्याशी ज्या सुरात बोलणं केलं तसं पुढच्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, काहीही लागो, बॉम्ब आपल्याकडे हवा आणि त्यावर आपला झेंडा हवा, असा त्यांचा सूर होता. जानेवारी १९४७ मध्ये पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांच्यासह मोजक्या मंत्र्यांच्या बैठकीत निर्णय झाला. खर्चाला विरोध करणारे मंत्री त्या बैठकीत नव्हते. संसदेला कळलं मे १९४८ मध्ये, एका प्रश्नाच्या छोट्याशा उत्तरातून. १९५१ मध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हा सुमारे १० कोटी पौंड संसदेच्या नजरेआड खर्च झालेले पाहून तेही चकित झाले.

बॉम्बची जबाबदारी विल्यम पेनी यांच्यावर आली. ते गणितज्ञ. युद्धात अमेरिकेतल्या लॉस अलामोसला काम केलेले, आणि नागासाकीवरचा स्फोट निरीक्षणाच्या विमानातून पाहिलेले. १९४६ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर चाचण्या घेतल्या तेव्हा महागडी उपकरणं बिघडली. पेनींनी पेट्रोलचे रिकामे पत्र्याचे डबे ठिकठिकाणी मांडून ठेवले होते. कोणता डबा किती चेपला ते पाहून त्यांनी स्फोटाचा दाब काढला. सहा वर्षांनी मॉन्टे बेलोलाही त्यांनी असेच डबे मांडले.

आता बॉम्ब कसा चालतो ते थोडक्यात. प्लुटोनियमचा अणू एका न्यूट्रॉनच्या धक्क्याने फुटतो, ऊर्जा देतो आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सोडतो. ते पुढचे अणू फोडतात. धातूचा गोळा लहान किंवा विरळ असेल तर बरेच न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि साखळी विझते. तोच गोळा दाबून घट्ट केला की निसटायला वाव राहत नाही. म्हणून गोळ्याभोवती साध्या स्फोटकाचं कवच बसवतात आणि ते सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी उडवतात. बेसनाचा लाडू वळताना एका बाजूला दाब कमी पडला की तो तिथून फुटतो, अगदी तसंच इथे होतं. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचा फरकही चालत नाही. ब्रिटिशांनी यात एक सुधारणा केली. आतला गोळा आणि बाहेरचं धातूचं आवरण यांच्यामध्ये पोकळी ठेवली. मुसळ दाण्यांवर नुसतं टेकवून दाबलं तर काही होत नाही, उचलून हाणलं की दाणा फुटतो. त्या पोकळीमुळे आवरणाला वेग घ्यायला जागा मिळाली.

प्लुटोनियम निसर्गात खणून मिळत नाही. त्यासाठी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर विंडस्केल इथे दोन अणुभट्ट्या उभारल्या. पहिली ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाली. ग्रॅफाइटच्या प्रचंड ठोकळ्यांत युरेनियमच्या कांड्या, आणि त्यांना गार ठेवायला पंख्यांनी सोडलेली हवा, जी उंच धुराड्यातून थेट आकाशात जाई. बांधकाम अर्ध्यावर असताना शास्त्रज्ञ जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी हट्ट धरला की धुराड्यांवर गाळण्या बसवा. खर्च वाढला, वेळ गेला, लोकांनी त्या गाळण्यांना 'कॉकक्रॉफ्टचा मूर्खपणा' असं नाव ठेवलं. ही गाळणी लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

चाचणीसाठी जागा हवी होती. इंग्लंडमध्ये कोण देणार? सप्टेंबर १९५० मध्ये ॲटलींनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज यांना विचारलं. मेन्झीज यांनी आपल्या मंत्रिमंडळालाही न विचारता होकार कळवला. ज्यांच्या डोक्यावरून ढग जाणार होते त्या माणसांना विचारण्याचा प्रश्न या पत्रव्यवहारात कुठेच आला नाही.

आणि ढग म्हणजे नक्की काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. आगीचा गोळा जमिनीला किंवा पाण्याला टेकला की तो माती, वाळू, चिखल वर ओढतो. त्या कणांना फुटलेल्या अणूंचे अवशेष चिकटतात. जड कण जवळपास पडतात, हलके वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. स्फोट खूप उंचावर झाला तर माती वर जात नाही आणि जवळपासचा वर्षाव कमी होतो. प्लिम पाण्यात होतं. ऑस्ट्रेलियातले पुढचे बहुतेक बॉम्ब कमी उंचीच्या मनोऱ्यांवर किंवा जमिनीवर होते. म्हणून सगळं काही त्या दिवशीच्या वाऱ्यावर अवलंबून होतं.

१५ ऑक्टोबर १९५३. जागा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, ईमू फील्ड. ३१ मीटर उंच मनोऱ्यावर १० किलोटनचा बॉम्ब. चाचणीचं नाव 'टोटेम १'. त्या दिवशी वर-खाली सगळ्या थरांत वारा जवळपास एकाच दिशेला होता, त्यामुळे ढग विखुरला नाही, एकसंध राहून ईशान्येला सरकला. त्या वाटेवर सुमारे १७० किलोमीटरवर वॅलटिना नावाची वस्ती होती. तिथे यान्कुन्यचाचारा आणि इतर आदिवासी कुटुंबं राहत. त्यांनी पुढे सांगितलं ते असं: आधी जमीन हादरली, लांबून गडगडाट आला, मग झाडांच्या शेंड्यांमधून एक काळं, तेलकट धुकं जमिनीलगत सरपटत आलं. वयस्कर माणसांना वाटलं हा कोपलेला आत्मा आहे. त्यांनी मुलांना खड्ड्यांत झोपवलं. नंतर उलट्या, जुलाब, अंगावर फोड, डोळ्यांची आग.

त्या मुलांत यामी लेस्टर होते. पुढे त्यांची दृष्टी पूर्ण गेली. मोठेपणी ते आदिवासींच्या हक्कांचे नेते झाले आणि त्या काळ्या धुक्याची चौकशी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं झगडले. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाने न्यायमूर्ती जेम्स मॅकक्लेलंड यांचा रॉयल कमिशन म्हणजे चौकशी आयोग नेमला, त्यात त्यांच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. आयोगाने मान्य केलं की काळं धुकं आलं होतं, ते 'टोटेम १' चंच होतं, त्यामुळे काही माणसं तात्पुरती आजारी पडली असू शकतात. नंतरचे आजार त्यामुळेच झाले का, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही असंही आयोगाने म्हटलं. आणि एक गोष्ट मात्र स्पष्ट शब्दांत नोंदवली: त्या दिवशीच्या वाऱ्यात तो बॉम्ब फोडायलाच नको होता. तिथे राहणाऱ्या लोकांचा विचारच झाला नव्हता.

लेस्टर २०१७ मध्ये वारले. पुरावा पुरेसा का नव्हता, याचा विचार करताना मला अस्वस्थ व्हायला होतं. १९५३ मध्ये त्या वस्तीवर कोणी मोजमापाचं यंत्र घेऊन गेलंच नव्हतं. ज्याची मोजणीच केली नाही त्याचा पुरावा तीस वर्षांनी येणार कुठून?

१९५६ मध्ये पुन्हा मॉन्टे बेलो बेटं. मे महिन्यात एक आणि १९ जूनला दुसरी चाचणी. दुसरी ६० किलोटनची, ऑस्ट्रेलियात झालेली सर्वांत मोठी. तिच्या ढगाचा काही भाग मुख्य भूमीवर गेल्याची बातमी फुटली आणि खळबळ माजली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला आपल्याकडे तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. तिचं इंधन ब्रिटनने दिलं होतं. भाभा आणि कॉकक्रॉफ्ट यांची केंब्रिजपासूनची ओळख होती. चाचण्यांबाबत मात्र भारताची भूमिका वेगळी होती. अमेरिकेच्या मोठ्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीनंतर, २ एप्रिल १९५४ रोजी, नेहरूंनी सगळ्या अणुचाचण्या थांबवा अशी मागणी संसदेत केली होती. पुढे त्यांनी स्फोटांच्या परिणामांवर शास्त्रज्ञांकडून जो अभ्यास करून घेतला, त्यात दौलतसिंह कोठारी यांच्या जोडीला भाभा होते आणि मुंबईचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकरही होते.

ॲडलेडमध्ये हेडली मार्स्टन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. चाचण्यांच्या काळात त्यांनी मेंढ्यांच्या आणि गुरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथी तपासल्या. यामागचं विज्ञान सोपं आहे. अणू फुटला की जे अवशेष उरतात त्यात आयोडिन १३१ असतं. ते गवतावर पडतं, जनावर गवत खातं, आणि शरीराला आयोडिन थायरॉइडसाठीच लागत असल्यामुळे ते बरंचसं त्या चिमुकल्या ग्रंथीत जाऊन साठतं. गाईच्या दुधातून माणसाच्या लेकरात जातं. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, म्हणून मोजायचं तर लगेच मोजावं लागतं. मार्स्टन यांना वाळवंटापासून खूप दूरच्या मेंढ्यांत ते सापडलं. ऑक्टोबर १९५६ च्या एका स्फोटानंतर ॲडलेड शहराच्या हवेतही त्यांनी किरणोत्सार टिपला. सुरक्षेसाठी नेमलेली सरकारी समिती सगळं ठीक आहे असं सांगत राहिली. मार्स्टन यांचा शोधनिबंध भांडून-भांडून १९५८ मध्ये छापून आला.

तो स्फोट मारालिंगाला झाला होता. मारालिंगा हा शब्द आदिवासी भाषेतला, अर्थ गडगडाट. पण तो त्या जागेवरच्या लोकांचा शब्द नव्हे, हजारो किलोमीटर उत्तरेकडच्या एका भाषेतून उचललेला. ईमू फार अडचणीची जागा होती, म्हणून रेल्वेमार्गाच्या जरा जवळ कायमचं ठाणं उभारलं: धावपट्टी, रस्ते, बराकी, पोहण्याचा तलावसुद्धा. १९५६ आणि १९५७ मध्ये इथे सात बॉम्ब फोडले.

या भूमीवर पिढ्यान् पिढ्या माणसं पाणवठ्यावरून पाणवठ्यावर चालत आली होती. त्यांना दक्षिणेला यालाटाला हलवण्यात आलं. उरलेल्यांना शोधून बाजूला करण्याचं काम वॉल्टर मॅकडूगल या एका अधिकाऱ्याकडे होतं. लाखो चौरस किलोमीटर आणि एक माणूस. त्यांनी लोकांच्या बाजूने तक्रार केली तेव्हा खात्याच्या मुख्य शास्त्रज्ञाने लेखी सुनावलं की हा गृहस्थ मूठभर स्थानिकांचं हित ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या वर ठेवतो आहे. सीमेवर धोक्याच्या पाट्या होत्या. इंग्रजीत.

मे १९५७ मध्ये सैनिकांना एका खड्ड्याच्या काठी एक कुटुंब मुक्काम करून असलेलं दिसलं. नवरा, बायको, दोन मुलं आणि शिकारी कुत्री. तो खड्डा आदल्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर फोडलेल्या बॉम्बचा होता. या लोकांना हलवल्याचा, मनाई केल्याचा काही पत्ता नव्हता, ते आपल्या नेहमीच्या वाटेने आले होते. त्यांची यंत्राने तपासणी केली, त्यांना अंघोळ घातली, गाडीत बसवून यालाटाला पोचवलं. कुत्री गोळ्या घालून मारली. वाळवंटातल्या कुटुंबाची कुत्री म्हणजे त्यांचं शिकारीचं साधन आणि रात्रीची ऊब. ती बाई गरोदर होती, तिला झालेलं मूल मेलेलं जन्मलं. घडलेलं बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद सैनिकांना मिळाली.

आतापर्यंतचे सगळे बॉम्ब किलोटनचे होते. तोवर अमेरिका आणि रशिया मेगाटनवर, म्हणजे हजारपटीच्या मापावर गेले होते. १९५४ मध्ये चर्चिल सरकारने हायड्रोजन बॉम्ब बनवायचं ठरवलं. यात पहिला, साधा अणुबॉम्ब फक्त काडीचं काम करतो. त्याच्या क्ष-किरणांनी बाजूचा दुसरा भाग इतका दाबला आणि तापवला जातो की हलके अणू एकमेकांत विलीन होऊन ऊर्जा सोडतात. सांगायला सोपं आहे. ते जमवायचं कसं हे अमेरिका सांगत नव्हती, आणि चाचण्यांवर बंदी येण्याची चिन्हं दिसत होती. घाई झाली. ऑस्ट्रेलियात एवढे मोठे स्फोट करणं शक्य नव्हतं म्हणून प्रशांत महासागराकडे मोर्चा वळला. मोहिमेचं नाव 'ग्रॅपल'.

१५ मे १९५७ रोजी मॉल्डन बेटावर पहिला स्फोट. अपेक्षा मेगाटनची, मिळाले ३०० किलोटन. दुसरा ७२० किलोटनचा, पण तो खरा दोन टप्प्यांचा बॉम्ब नव्हता, एक फार मोठा साधा बॉम्ब होता. तिसरा २०० किलोटन. तरीही जगाला सांगितलं गेलं की ब्रिटनकडे हायड्रोजन बॉम्ब आहे. पेनींची माणसं ऑल्डरमॅस्टनच्या प्रयोगशाळेत पुन्हा गणिताला बसली.

मग आला ऑक्टोबर १९५७. ४ तारखेला रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. ९ तारखेला मारालिंगात शेवटचा मोठा बॉम्ब फुटला. १० तारखेला विंडस्केलच्या पहिल्या भट्टीत आग लागलेली आढळली. ग्रॅफाइटमध्ये साठलेली ऊर्जा मोकळी करण्यासाठी भट्टी तापवत असताना आतल्या कांड्या पेटल्या होत्या. हायड्रोजन बॉम्बच्या घाईत त्याच भट्टीत ट्रिटियमसाठी, म्हणजे बॉम्बला लागणाऱ्या हायड्रोजनच्या जड प्रकारासाठी, लिथियम-मॅग्नेशियमच्या कांड्याही भरल्या जात होत्या, मूळ रचनेत न बसणारा भार तिच्यावर पडत होता. दुसऱ्या दिवशी, स्फोट होईल की काय या धास्तीत, पाणी सोडून आणि हवा बंद करून आग विझवली. त्या 'मूर्खपणा' म्हणवलेल्या गाळण्यांनी बरंचसं अडवलं. जे निसटलं त्यातल्या आयोडिनमुळे आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. इंग्लंडमध्ये दूध मोजलं गेलं आणि ओतलं गेलं. वॅलटिनाला ते कोणी केलं नव्हतं.

चौकशी पेनींकडेच आली. त्यांचा अहवाल पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांनी पूर्ण छापू दिला नाही. याच महिन्यात ते अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याशी सहकार्य पुन्हा सुरू करण्याबद्दल बोलत होते, आणि ब्रिटनला स्वतःची भट्टी सांभाळता येत नाही असं अमेरिकी संसदेला वाटायला नको होतं. अहवाल लोकांसमोर आला १९८८ मध्ये.

८ नोव्हेंबर १९५७ रोजी प्रशांत महासागरातल्याच ख्रिसमस बेटाजवळ 'ग्रॅपल एक्स' फुटला: १.८ मेगाटन, अंदाजापेक्षा बराच जास्त. हा खरा हायड्रोजन बॉम्ब. एप्रिल १९५८ मधला 'ग्रॅपल वाय' सुमारे ३ मेगाटनचा, ब्रिटनचा आजवरचा सर्वांत मोठा. ३ जुलै १९५८ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात संरक्षण करार झाला आणि बारा वर्षं बंद असलेलं दार उघडलं. सप्टेंबरमध्ये 'ग्रॅपल'चे शेवटचे बॉम्ब फुटले आणि ब्रिटनच्या हवेतल्या चाचण्या संपल्या. १९५२ पासून एकूण २१. पुढचे २४ स्फोट अमेरिकेच्या नेवाडात जमिनीखाली, अमेरिकेच्या मदतीने झाले.

ख्रिसमस बेटावर हजारो तरुण सैनिक होते. बरेचसे अठरा-वीस वर्षांचे, सक्तीच्या लष्करी सेवेतले. ब्रिटिश, न्यूझीलंडचे नौसैनिक, फिजीचे सैनिक. बेटाचे रहिवासीही होते. सैनिकांना किनाऱ्यावर स्फोटाकडे पाठ करून बसवत. डोळे मिटा, वर हाताच्या मुठी दाबा. उलटी गणती. कित्येकांनी म्हातारपणी एकच गोष्ट सांगितली: मिटलेल्या डोळ्यांसमोर स्वतःच्या हाताची हाडं दिसली, क्ष-किरणांच्या फोटोत दिसावीत तशी. मग पाठीवर भट्टीचं दार उघडल्यासारखी धग. मग वारा. बऱ्याच जणांच्या अंगावर हाफपँट आणि शर्ट एवढंच होतं. किरणोत्सार मोजणारा बिल्ला सगळ्यांना दिलेलाही नव्हता. त्यांनी आणि त्यांच्या विधवांनी भरपाईसाठी न्यायालयांत अनेक वर्षं घालवली. सरकारने पदक जाहीर केलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, 'हरिकेन'ला सत्तर वर्षं झाल्यावर. तोवर त्या तरुणांतले बहुतेक गेले होते.

मोठे स्फोट थांबले तरी मारालिंगाचं काम थांबलं नव्हतं. १९६३ पर्यंत तिथे शेकडो 'किरकोळ' प्रयोग झाले. बॉम्ब नेणारं विमान पेटलं तर काय होईल, हे पाहायला साध्या स्फोटकांनी प्लुटोनियम उडवून दिलं. अणुस्फोट नाही, म्हणून छत्रीचा ढग नाही, म्हणून बातमी नाही. पण माझ्या मते मारालिंगाचं सर्वांत वाईट नुकसान याच 'किरकोळ' प्रयोगांनी केलं. तारानाकी या एका जागेवर सुमारे २२ किलो प्लुटोनियम वाळवंटात उधळलं गेलं. प्लुटोनियमचे किरण कागदाने, कातडीने अडतात. धोका असतो तो धुळीबरोबर छातीत गेलेल्या कणाचा, तो तिथेच बसून वर्षानुवर्षं पेशी जाळत राहतो. आणि ही माणसं जमिनीवर बसतात, जमिनीवर झोपतात, मुलं धुळीत खेळतात. प्लुटोनियम निम्मं व्हायला २४,००० वर्षं लागतात.

१९६७ मध्ये ब्रिटिशांनी साफसफाई केली, म्हणजे बराचसा भाग नांगरून माती वरखाली केली आणि जागा सुरक्षित असल्याचा अहवाल दिला. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी पाहणी केली तेव्हा प्लुटोनियम लागलेले तुकडे उघड्यावर पडलेले सापडले. मॅकक्लेलंड आयोगाने सफाईचा खर्च ब्रिटनने द्यावा असं म्हटलं. वाटाघाटींनंतर ब्रिटनने २ कोटी पौंड दिले. सन २००० पर्यंत चाललेल्या दुसऱ्या सफाईला १० कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. वरची माती खरवडून खोल खंदकांत पुरली.

जमिनीचा शेवटचा तुकडाही २०१४ मध्ये मारालिंगा चारुचा लोकांच्या हाती परत आला. तारानाकीभोवतीच्या हद्दीवर आजही खांब रोवलेले आहेत. त्यांवर आता इंग्रजीबरोबर तिथल्या लोकांच्या भाषेतही लिहिलं आहे: 'कुका पाल्या, न्गुरा विया'. शिकार चालेल, मुक्काम नाही.